झाकणं नसलेल्या बरण्या

लोक आपल्या लहानपणाचं लिहितात. माझ्या लहानपणात लिहिण्यासारखं काही नाही. सातवीपर्यंत शाळा, मग मामाच्या ओळखीनं पिंपरीच्या कारखान्यात हेल्पर, मग फिटर, झालं. मिसरूड फुटलं, लग्न झालं, पोरगा झाला, पण मोठा म्हणतात तसा मी तेव्हा झालोच नाही. मोठा झालो पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर, इथं, ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत, एका परक्या बाईच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो तेव्हा. म्हणून तेवढंच लिहितो. सुनेनं वही आणून दिली. म्हणाली, "अण्णा, काहीतरी लिहा. आई गेल्यापासून तुम्ही बोलतच नाही." बोलायचं कुणाशी? जिच्याशी बोलायला पाहिजे होतं तिला जन्मभर नुसतं 'हूं' म्हणालो.

आम्ही इथं आलो तेव्हा महेशचं घर नवंकोरं होतं. सगळी वसाहतच नवी. समोरच्या प्लॉटवर घरं उभी राहत होती आणि दिवसभर खिळे मारायच्या बंदुका ठाक ठाक चालायच्या. ट्रक मागं येताना पीं पीं करायचा. माणूस मात्र रस्त्यावर दिसायचा नाही. सकाळी सातला महेश पेनरोजला त्याच्या फॅक्टरीत जायचा, सून मधुरा फार्मसीत आणि नात ईशा शाळेत. मग त्या एवढ्या मोठ्या घरात मी आणि शालन. ती एका खिडकीत, मी दुसऱ्या. पहाटे तेवढी जवळच्या तबेल्यांतली शर्यतीची घोडी फिरवून आणायचे, त्यांच्या टापा डांबरावर वाजायच्या, आणि शालन त्या आवाजाला उठायची. म्हणायची, "अहो, टांगा आला." पहिले पंधरा दिवस मी हसलो. नंतर हसायचाही कंटाळा आला. तीही थांबली नाही, रोज तेच म्हणायची. आता घोडी नाहीत, तबेले गेले, तिथंही घरं झाली. तरी मी पाचला जागा होतो.

शालनला काम नाही असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमचा कारखाना सरकारी होता, पाण्याचे पंप करायचो. शेवटची तीन वर्षं पगार कधी चार महिन्यांनी, कधी अर्धा. मग कुलूपच लागलं. त्या काळात शालननं मेसवाल्या पोरांच्या चपात्या केल्या. पहाटे चारपासून परातीवर बसलेली असायची. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "तिचा तेवढाच वेळ जातो." तिच्या चपात्यांवर घर चाललं, महेश इंजिनिअर झाला, आणि मी चार माणसांत हे वाक्य बोलायचो. खरंच बोलायचो.

तर इथं आल्यावर तिनं स्वयंपाकघरात तवा ठेवला की छताला लावलेली धुराची घंटी कोकलायची. मधुरा कामावरून दमून आलेली, ईशा कानावर हात ठेवायची. टॉवेलनं वारा घालून घालून घंटी बंद करायची आणि तोवर चपाती करपायची. चार-पाच दिवसांनी शालननं पोळपाट-लाटणं उचललं, एक छोटी गॅसची शेगडी घेतली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसली. गॅरेजचं पत्र्याचं शटर कमरेएवढं वर केलं. त्या फटीतून धूर बाहेर गेला आणि वासही गेला. त्या वासावर समोरच्या घरातली ल्यूबा आली.

शटरखालून आधी तिचे पाय दिसले. पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल, म्हणजे इथली रबरी स्लीपर. मग वाकून आत आली ती एक साठीची धिप्पाड बाई, केस लाल रंगवलेले, हातात काचेची बरणी, बरणीत काकड्या. शालनकडं बघितलं, तव्याकडं बघितलं, बरणी खाली ठेवली आणि हात पुढं केला. शालननं तव्यावरची चपाती तिच्या हातावर ठेवली. बाईनं ती उभ्या उभ्या खाल्ली, काही न लावता. म्हणाली, "गुड." मग जरा विचार करून म्हणाली, "मोअर सॉल्ट."

शालन मला म्हणाली, "काय म्हणती?"

"मीठ कमी आहे म्हणती."

"बरोबर आहे तिचं," शालन म्हणाली. "आज विसरलेच होते."

मला तेव्हा सगळे गोरे सारखेच. मी तिला रशियन समजलो. ती चिडली, "नो रशिया! मोल्डोवा!" मोल्डोवा कुठं आहे ते मला अजूनही नकाशात दाखवता येणार नाही. लेक इकडं नर्स म्हणून आली आणि मागोमाग आई. पहाटे उठून ती पेनरोजला ऑफिसं पुसायला जायची. दहाला परत आली की तिचा खरा दिवस सुरू व्हायचा. पडद्यांना दुमड घाल, कुणाचे केस काप, कुणाच्या बागेतलं तण उपट. शेतकऱ्यानं काढणी करून सोडलेल्या वावरातून बारके बटाटे विचारून आणायची आणि वाटायची. पैसे कुणाकडून घ्यायची नाही. "मनी, प्रॉब्लेम," असं बोट नाचवून सांगायची. "यू गिव्ह, आय गिव्ह. नो प्रॉब्लेम." कोण काय करू शकतो ते सगळं तिच्या डोक्यात. प्लंबरच्या बायकोचे केस कापले की प्लंबर हिचा नळ बघणार. दात उपटणाऱ्याच्या आईला काकड्या गेल्या की हिच्या दाढेला नंबर लागणार. मी कारखान्यात स्टोअरकीपर पाहिलेत, पण असा पाहिला नाही.

दोन गल्ल्या सोडून पुण्याची तीन पोरं भाड्यानं राहायची, कंप्युटरवाली. ल्यूबा त्यांचे केस कापायची. पोरं रोज पाव खातात हे तिनं पाहिलं आणि एक दिवस तिघांना हाताला धरून आमच्या गॅरेजमध्ये उभं केलं. शालनकडं बोट दाखवून म्हणाली, "मामा. ब्रेड." तिच्या भाषेत मामा म्हणजे आई. त्यातला एक, सडपातळ, सदाशिव पेठेकडचा, लाजत म्हणाला, "काकू, आम्ही काही मागायला नाही आलो हां, त्यांनीच ओढत आणलं."

"बसा आधी," शालन म्हणाली. "तोंडं बघा कशी झालीत."

झालं सुरू. रोज तीस चपात्या. पैसे नाहीतच. एकजण शनिवारी येऊन आमचं गवत कापून जायचा. एकजण पापाटोएटोएच्या इंडियन दुकानातून कणकेची पोती आणायचा. तिसऱ्याला काहीच येत नव्हतं, तो ल्यूबाच्या नातवंडाला गणित शिकवायचा आणि ल्यूबा त्याबदल्यात आमच्याकडं काकड्या, कोबी, टोमॅटो पाठवायची. शालन बरण्या धुऊन, उन्हात वाळवून त्यात लिंबाचं लोणचं भरून परत करायची. इथं दर दुसऱ्या घराच्या फाटकाशी लिंबांची बादली ठेवलेली असते, हवी तेवढी न्या म्हणून. ही लिंबं मोठी, पिवळीधम्मक, आणि आंबटपणा बेताचाच. शालन एकेक दाबून बघायची आणि शिव्या द्यायची, "नुसती दिसायला." पण तिनं त्यातही जमवलं. मीठ जास्त, गूळ कमी, हिंग वाढवला. रिकामी बरणी कधी गेली नाही इकडून तिकडं, की तिकडून इकडं. ईशा एक बोट चाटून म्हणायची, "हीप्स यम, आजी." शालनला 'हीप्स' म्हणजे 'खूप' हे कळत नव्हतं, पण पोरीचं तोंड बघून कळायचं.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दिवसभर बोलायच्या. एका दुपारी मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून जाहिरातींचा फुकट पेपर चाळत होतो. वाचता कुठं यायचा, चित्रं बघायची. शालन लाटता लाटता सांगत होती. "अहो, ऐका तरी. ल्यूबाबाई फॅक्टरीत होती, मुरंबे, टोमॅटो असलं बरण्यांत भरायची फॅक्टरी. सरकारची. मग तिथलं सरकारच गेलं. पगार बंद. पगाराच्या दिवशी काय द्यायचे माहितीये का? बरण्या. मोकळ्या बरण्या. आणि त्याला झाकणं नाहीत. झाकणं दुसरीकडच्या कारखान्यात व्हायची आणि तो भाग आता परदेश झाला म्हणे. खोकं भरून बरण्या आणि झाकणं नाहीत. हायवेला उभी राहायची ती खोकं घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत. थंडीत. आणि सगळा गावच उभा बरण्या घेऊन. कोण घेणार?" मी म्हणालो, "हूं." ती म्हणाली, "तुमचा पण पगार असाच तटला होता, म्हणून सांगतेय." मी पान उलटलं. ह्या माझ्या 'हूं'चा आवाज मला आता ऐकू येतो. तेव्हा येत नव्हता.

मग गणपती आले. इथल्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. डॉक्टर, इंजिनिअर, बँकवाले, सगळी पुण्या-मुंबईची माणसं, रेशमी कुडते. महेशला तिथं मान होता. प्रसादाच्या रांगेत एक बाई, नवरा महेशच्या फॅक्टरीत मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांदेखत म्हणाली, "अय्या, तुम्हीच का त्या? आमच्या भाच्याला पोळ्या देता ना तुम्ही? गॅरेजमध्ये? किती छान! मला पण द्याल का आठवड्याला वीसेक? संकोच नको हं, मी व्यवस्थित पैसे देईन." शालन हसून म्हणाली, "या की." मी महेशकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, हे बंद करायचं."

"का रे? मी काय कुणाचं चोरलं?"

"तुमचे कागद आत आहेत, आई. कायम राहायचे. तोवर तुम्ही इथं पाहुणे. पाहुण्यानं काम करायचं नाही, असा कायदा आहे. त्या बाईसारखी आणखी चार माणसं बोलली आणि कुणी जाऊन सांगितलं तर? कागद परत येतील. तुम्ही पिंपरीला आणि आम्ही इथं."

"मी पैसे कुठं घेते?"

"गवत कापून घेता, कणीक घेता. तेच ते."

शालन म्हणाली, "मग गॅरेजमध्ये बसून मी करू काय?"

मधुरा मध्ये पडली, "अहो आई, थोडे महिनेच..." पण महेशच्या तोंडून निघून गेलं, "लोक काय म्हणतील मला? इंजिनिअरची आई पोळ्या लाटते." आणि मी, घरातला कर्ता म्हणवणारा, मी म्हणालो, "महेश बरोबर बोलतोय. बास झालं हे. पिंपरीची सवय इथं कशाला?"

शालननं माझ्याकडं बघितलं. आत गेली.

मला वाटलं, अर्धवट ठेवू नये. दुसऱ्या दिवशी शालन मधुराबरोबर दुकानात गेली असताना मी गॅरेज आवरलं. फळीवर ल्यूबाच्या नऊ बरण्या होत्या. म्हटलं, कुणाचं काही आपल्याकडं नको, व्यवहार स्वच्छ पाहिजे. सगळ्या साबणानं धुतल्या. झाकणांना लोणच्याचा वास मारत होता, हळदीनं पिवळी झालेली, दोन-तीनांना गंज. असली झाकणं कशी परत द्यायची? कचऱ्यात टाकली. बरण्या केळ्यांच्या खोक्यात ओळीनं मांडल्या, रस्ता ओलांडून तिच्या दारात ठेवल्या आणि परत आलो. ती घरात नव्हती. मनात म्हणालो, चांगलं काम झालं. फिटर माणूस मी, हत्यार वापरून झालं की पुसून जागेवर ठेवायचं, एवढंच मला येत होतं.

दुपारी शटरच्या फटीतून शालननं बघितलं. ल्यूबा आली, खोक्यापाशी थांबली. वाकली. एक बरणी उचलून आत बघितलं, ठेवली. मग तिथंच पायरीवर बसली. बराच वेळ. मग खोकं न उचलता आत गेली आणि दार लागलं.

शालन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज असा मी ऐकला नव्हता, मोठा नव्हता, उलट अगदी हळू. "तुम्ही ठेवलंत ते?"

"हो. तिचंच तिला दिलं."

"झाकणं?"

"टाकली. घाण झाली होती."

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्याच खुर्चीत बसला होता तुम्ही. मी सगळं सांगितलं होतं." मग म्हणाली, "तिला पगार दिलात तुम्ही."

मला तेव्हा आठवलं. कानावरून गेलेलं सगळं परत आलं, हायवे, थंडी, खोकं.

त्यानंतर आमच्या घरात आवाज नव्हता. शालन पहाटे उठायची, घोडी जायची, आणि ती काही म्हणायची नाही. मी वाट बघायचो टांग्याची. चपात्या मधुरा दुकानातून पाकिटातल्या आणायची. पोरं एकदा येऊन शटरपाशी उभी राहून गेली. शालन ताटावर बसायची आणि अर्धी उठायची. बोलायची, नाही असं नाही, "पाणी ठेवलंय," "औषध घ्या". पण मला भांडण झालेलं बरं वाटलं असतं. एका दुपारी गॅरेजमध्ये गेलो तर ती पोळपाट मांडीवर घेऊन बसली होती. नुसती. परात नाही, कणीक नाही. डोळे कोरडे नव्हते, पण रडतही नव्हती. म्हणाली, "मला परत घेऊन चला. कागदाचं मरू दे. इथं माझं काही नाही."

कागद परत आले असते तर काय होणार होतं? आम्ही पिंपरीला गेलो असतो. ते मी स्वतःच्या हातानं अगोदरच केलं होतं, शिक्का न लागता.

मग मी कामाला लागलो. आधी झाकणं. वसाहतीच्या टोकाला जुन्या वस्तूंचं दुकान होतं, लोकांनी दान दिलेलं विकणारं. तिथं काउंटरवरच्या म्हाताऱ्या माओरी बाईला मी हातानं गोल गोल फिरवून दाखवलं. ती त्यांच्या भाषेतला नमस्कार घालून म्हणाली, "किया ओरा, डार्लिंग, कॅन यू डान्स ऑल्सो?" आणि मागून झाकणांचा एक डबा आणून दिला. मी एक बरणी मापाला नेली होती, ल्यूबाच्या पायरीवर अजून पडलेल्या खोक्यातून उचलून. चोरीच म्हणा. नऊ झाकणं बसवून बघून घेतली, आटे नीट आहेत का, कुरकुरत नाहीत ना. एवढं एक काम मला येत होतं. मग खोक्यातल्या बाकीच्या आठ बरण्याही उचलून घरी आणल्या.

मग फाटकाफाटकांवरची लिंबं. लोणचं कसं करतात हे मी सत्तर हजार वेळा बघितलं असेल, म्हणजे बघितलं नव्हतं. शालनला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला येतं तसं करा." मी चिरली, बिया काढल्या, तिखट, हळद, मीठ. गूळ ठेवलेला सापडेना म्हणून साखर. हातानं कालवलं आणि बोटाला सुरीनं कापलेलं होतं ते झणझणलं. दुसऱ्याच दिवशी बरणी घेऊन निघालो. मुरायला तीन आठवडे लागतात हे मला कुठं ठाऊक. एकाच बरणीचं झालं, बाकीच्या आठ झाकणं लावून रिकाम्याच, पिशवीत. शालन खिडकीत होती. थांबवलं नाही.

ल्यूबानं दार उघडलं. आत बोलावलं नाही. मी इंग्रजी पाठ करून गेलो होतो, 'आय ॲम सॉरी फॉर द जार्स', ते सगळं गेलं. मी मराठीतच बोललो. म्हणालो, "बाई, माझी बायको बोलते ते मी ऐकत नाही. ती बोलली होती. मी ऐकलं नाही. चूक माझी, तिची नाही. तिच्यावर राग नको." तिला अक्षर कळलं नसणार. मी पिशवीतून झाकण लावलेली एकेक बरणी काढून पायरीवर ठेवली. नवव्या बरणीत लोणचं. कारखाना बंद झाला त्या दिवशीसुद्धा माझी मान खाली नव्हती, तिच्या दारात होती.

तिनं एक झाकण उघडलं, लावलं. परत उघडलं, लावलं. आट्यावर अंगठा फिरवला. मग लोणच्याच्या बरणीत बोट घातलं, चाखलं, आणि तिचं तोंड असं वाकडं झालं की मी मागं सरकलो.

"बॅड," ती म्हणाली. "व्हेरी, व्हेरी बॅड." आणि रस्त्यापलीकडं बघून एवढ्या मोठ्यानं ओरडली की बांधकामावरचे लोक थांबले. "शाला! कम! युवर मॅन, ही किल मी!"

शालन आली. पदर खोचलेला, पायात माझ्या चपला. लोणचं चाखलं. "आई गं," म्हणाली. "मीठ आहे का समुद्र?" आणि हसली. चाळीस दिवसांनी. ल्यूबा हसायला लागली. मी दोघींच्या मध्ये उभा, हाताला तिखट झोंबतंय.

त्या संध्याकाळी मी महेशला बोललो. म्हणालो, "तुझी आई काम करते. वेळ घालवत नाही, काम करते. पिंपरीतही करत होती. तू ज्या कॉलेजात शिकलास ते तिनं लाटलंय. मी हे कधी बोललो नाही, ती माझी चूक, तुझी नाही." तो खाली बघून म्हणाला, "अण्णा, कायद्याचं खरंच आहे." शालनच म्हणाली, "कायद्यासाठी थांबते. कागद येईपर्यंत पोरांना नाही देत. पण लाज वाटते म्हणून थांब, असं मला पुन्हा म्हणायचं नाही." महेश उठला, तिच्या पायाशी बसला. मोठा माणूस, तीस वर्षांचा.

पुढच्या हिवाळ्यात कागद आले. मग तिनं रीतसर परवाना काढून, गणपतीच्या त्याच शाळेच्या हॉलच्या स्वयंपाकघरात उभी राहून चपात्या केल्या, त्या रेशमी कुडतेवाल्यांना विकल्या, आणि भाव ल्यूबानं ठरवला, चांगला चढा. बरण्या मात्र चालूच राहिल्या, त्यात कधी खंड नाही. पहाटे टांगाही परत आला.

हे सगळं होऊन किती वर्षं झाली. ल्यूबा आता रोटोटुनाला लेकीकडं असते, तिकडं हॅमिल्टनला. गुडघे गेलेत. शालन गेल्या हिवाळ्यात गेली. चार दिवस हॉस्पिटल, पाचव्या दिवशी नाही. तेराव्याला ल्यूबा लेकीच्या गाडीतून आली, काठी टेकत. आमच्या लोकांत ती एकटी लाल केसांची. माझ्या शेजारी बसली आणि जाताना काकड्यांची बरणी टेबलावर ठेवून गेली. मी त्या काकड्या रोज एक अशा खाल्ल्या. संपल्या तेव्हा बरणी धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. तीन महिने ती खिडकीत उभी होती.

रिकामी द्यायची नाही, हे मला आता शिकवायला नको. पण भरू काय? शालनच्या हातचं शेवटचं लिंबाचं लोणचं फ्रिजमागच्या फळीवर आहे, चार बोटं उरलंय. मी खात नाही. मधुरा म्हणते, "अण्णा, खराब होईल." होऊ दे, असं म्हणायचो. संपलं की संपलं ना. गेल्या महिन्यात मी माझं वेगळं घातलं, आता मला जमतं थोडंफार, तीन आठवडे हलवत बसलो. तरी मीठ जास्तच. ते तसंच होणार.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर शालनची बरणी खाली काढली. कोरडा चमचा घेतला. निम्मं ल्यूबाच्या बरणीत काढलं. तळाशी दोन बोटं झालं. वरून माझं भरलं, गळ्यापर्यंत. झाकण लावलं, आटे बसले का बघितलं, आणि उलटीसुलटी करून हलवली. तिचं काळपट, माझं लाल. चार-पाचदा हलवल्यावर कुठलं कुणाचं ते दिसेना.

आज शनिवार. महेश गाडी काढतोय, रोटोटुनाला निघालोय. त्याला म्हटलं, हळू चालव रे, मांडीवर बरणी आहे.